रेड्याची पुढची चाकं

३ फेब्रुवारी

भावोजी,

नमस्कार. तुमची तब्येत विचारत नाही. विचारली की तुम्ही 'ठणठणीत' असं लिहिता आणि पुढे काही कळत नाही. सरळ कामाचं लिहिते.

रेडा गुरगुरतो आहे. तुमच्या भावाने या गाडीचं नाव रेडा ठेवलं तेव्हा मी विरोध केला होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आता नाव बदलण्यात अर्थ नाही. शिवाय ते शोभतं.

निरीक्षणं अशी. वेग चाळीसच्या वर गेला की पुढच्या डाव्या बाजूने 'घूंऽऽ' असा आवाज येतो. गाडी उजवीकडे वळवली की वाढतो, डावीकडे वळवली की दबतो. चाक जॅकवर उचलून, वर आणि खाली धरून हलवलं तर खटखट होते. उजव्या चाकातही आहे, पण कमी. माझा निष्कर्ष: दोन्ही चाकांची बेअरिंगं गेली आहेत, डावं आधी. चूक असेल तर कळवा.

गावातल्या गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने चाकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आजी, विकून टाका." त्याची आई माझ्या वर्गात होती. तीही उत्तर आधी लिहायची आणि प्रश्न नंतर वाचायची.

आता खरी अडचण. मागच्या महिन्यात चिरंजीव आले होते. ओढ्यापाशी हा आवाज ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. जाताना अट घालून गेले: २८ तारखेला परत येतो, गाडी ठणठणीत नसेल तर गिऱ्हाईक तयार आहे. गाडी गेली की मी या डोंगरावर राहू शकत नाही, हे त्यांना माहीत आहे. गावापर्यंत अकरा किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये ओढा. लाकडाच्या वखारीचा ट्रक सोडला तर दुसरी कुठली गाडी इथे चढत नाही. म्हणजे गाडी विकायची आणि मी त्यांच्या शहरातल्या सातव्या मजल्यावर जाऊन बसायचं. तिथे मला वेगळी खोली आहे, तिला खिडकी आहे, खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. गावातलं वाचनालय आठवड्यातून तीन दिवस मी उघडते. ते कोण उघडणार, असं विचारलं तर म्हणाले, "आई, तिथे चार माणसं येतात." सहा येतात.

तुम्ही चाळीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपचे फोरमन होतात. दोन दिवस इकडे या आणि काम करून द्या. येणं जमत नसेल तर कृती लिहून पाठवा, मी करीन. फोन करू नका. फोनवर तुम्ही गप्पा मारता. कागद मला बॉनेटवर ठेवून वाचता येतो.

धाकटीला आशीर्वाद.

— वहिनी


८ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र पोचलं. निष्कर्ष बरोबर आहे, दहापैकी दहा. पण 'विद्यार्थिनीने फाजील आत्मविश्वास टाळावा' असा शेरा मारून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

येणं जमत नाही. घराला रंग चालू आहे. (रंग मागच्या वर्षी झाला. कंसातलं सगळं माझं हं, जाऊबाई. — धाकटी) माझं उजवं मनगट लचकलं आहे, म्हणून मी सांगतो आणि ही लिहिते. ती मधेमधे आपलं घालते आहे असा मला संशय आहे. (छे.)

आता कृती. डावं चाक आधी करा.

मागच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावा. रेड्याचा हँडब्रेक ही नुसती समजूत आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावा आणि गाडी लोखंडी घोड्यावर, म्हणजे तिवईवर, टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. जॅक घसरतो तेव्हा हुद्दा विचारत नाही.

चाक काढा, ब्रेकचा ड्रम काढा. चाकाच्या मधल्या हबच्या तोंडावर टोपी आहे, सहा बोल्टची. ती निघाली की आत मोठा नट दिसेल. त्याच्यामागे पत्र्याची चकती आहे, तिचा कान नटावर दुमडलेला असतो. तो सरळ करा. पिळू नका, तुमची सवय ठाऊक आहे म्हणून सांगतो. नटाला लागणारा नळीचा पाना दादाच्या पेटीत तळाशी आहे, मीच बनवून दिला होता. तो नट, चकती आणि मागचा दुसरा नट काढून हब दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. बाहेरचं बेअरिंग आधी हातात येईल. आतलं ग्रीस अडवणाऱ्या सीलच्या मागे लपलेलं असतं. सील उचकटून काढा. ते फाटलं तरी चालेल, नवं घालायचंच आहे.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून घ्या आणि दुकानात तोच मागा. दुकानदार म्हणेल, "बाई, हे घ्या, अगदी तसंच आहे." तुम्ही शाळेत बघायचात तसं नुसतं त्याच्याकडे बघा.

बेअरिंग ज्यात फिरतं त्या पोलादी वाट्या हबमध्ये ठोकून बसवलेल्या असतात. त्याही बदला. नव्या बेअरिंगला जुनी वाटी चालत नाही, जोडी कारखान्यातूनच जुळून येते. (आमच्यासारखी नव्हे.) पितळी सळई लावून ठोका, एकदा इकडून, एकदा तिकडून. एकाच बाजूने ठोकलंत तर वाटी तिरकी अडकेल आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल. नवी वाटी बसवतानाही तसंच. तळाला टेकली की आवाज बदलतो. आधी ठक ठक, मग ठण्. कान द्या.

ग्रीस भरायचं ते हाताने. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून दाबून ओढा. रोलरांच्या फटीतून ग्रीस वर डोकावेपर्यंत. हातमोजे नकोत, हाताला कळलं पाहिजे.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आतलं बेअरिंग, नवं सील, हब, बाहेरचं बेअरिंग, मग पहिला नट. एका हाताने हब फिरवत राहा आणि दुसऱ्याने नट आवळत जा. हब जड फिरायला लागेपर्यंत आवळा. मग चकती, दुसरा नट, चकतीचा कान दुमडा, टोपी लावा. झालं.

हे माझ्या हाताखालचे लोक दोन तासांत करत. तुम्हाला दोन दिवस देतो.

— तुमचा भावोजी
(जाऊबाई, पदर खोचून करा. साडीला ग्रीस लागलं की जन्मात निघत नाही.)


१४ फेब्रुवारी

भावोजी,

साडी कसली? तुमच्या भावाची जुनी पँट आणि वर माझा प्रयोगशाळेतला कोट. पोस्टमन आला होता. त्याने मला पाहिलं आणि पत्रं फाटकावरच ठेवून गेला.

दोन दिवस नव्हे, तीन लागले. त्यातला एक चकतीच्या कानापायी. तो मी पिळला नाही, तोच मला छळत होता. बेअरिंग काढून धुतलं तर रोलरांवर देवीच्या वणांसारखे खड्डे. भिंगातून पाहिले आणि बरं वाटलं. निष्कर्ष बरोबर निघाला की मला बरं वाटतं. दुकानदार म्हणाला, "अगदी तसंच आहे, बाई." मी बघितलं. त्याने आतून दुसरं आणलं.

वाटी ठण् वाजली तेव्हा मी एकटीच होते, तरी मोठ्याने 'शाब्बास' म्हणाले. ग्रीस कोपरापर्यंत पोचलं. मला हे काम आवडलं. हे चिरंजीवांना कळवू नका.

नट आवळला. हब इतका जड झाला की मला जरा शंका आली. पण तुमच्या पत्रात होतं तेच केलं. पस्तीस वर्षं मुलींना सांगितलं, प्रश्नात आहे तेवढंच करा, पदरचं घालू नका. आता मीच पदरचं कसं घालू? उद्या याच गाडीने वाचनालयात जाते. उजवं चाक पुढच्या आठवड्यात.

आता एक स्पष्ट विचारते. चिरंजीव जाताना म्हणाले होते, "काकांचंही हेच मत आहे." मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पण तुम्ही येत नाही, त्याचं कारण सांगता ते तुमची बायको कंसात खोडून काढते, आणि साधं पत्रही दुसऱ्याच्या हाताने लिहिता. पूर्वी रेड्याला शिंक आली तरी तुम्ही धावत यायचात. काका-पुतण्यांचं काही ठरलं असेल तर मला समोरून सांगा.

— वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

तीन दिवसांत काम! माझ्याकडे एक फिटर होता, त्याला पहिल्यांदा पाच दिवस लागले होते आणि शेवटी एक बेअरिंग उरलं होतं. तुमच्याकडे काही उरलं नाही ना? टेबलाखाली बघा.

पोस्टमनची मला दया येते.

बाकी तुम्ही फार विचार करता. मास्तरणींना सुट्टीत हा आजार होतो. हाताच्या बोटाला फोड आला आहे, म्हणून ही लिहिते. (मागच्या पत्रात मनगट होतं. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, 'तू लिही.')

रेडा कसा पळतो ते कळवा.

— भावोजी


१८ फेब्रुवारी

भावोजी,

रेडा कसा पळतो ते ऐका.

पंधरा तारखेला सहाव्या किलोमीटरला गाडी आपोआप डावीकडे ओढायला लागली. मग जळका वास आला. उतरून हबच्या टोपीवर तळहात ठेवला. हा मूर्खपणा मीच केला, त्याबद्दल तुम्हाला दोष नाही. तळव्यावर फोड आला आहे. खरा. मनगटावरून बोटावर फिरणारा नव्हे.

लाकडाच्या वखारीचा ट्रक मागून आला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "काय बाई, बसला का रेडा?" त्याने दोर लावून ओढून आणलं. त्या दिवशी वाचनालय बंद राहिलं. सहाच्या सहा माणसं दाराशी येऊन परत गेली, असं कळलं.

एका हाताने हब उघडला. नवं बेअरिंग निळं पडलं आहे. ग्रीसचं डांबर झालं. नट तुम्ही सांगितलात तितकाच आवळला होता. तुमच्याइतका जाणता माणूस अशी चूक करत नाही. म्हणजे एक तर तुम्ही लक्ष न देता सांगितलंत, नाहीतर तुम्हाला हे असंच व्हायला हवं होतं. दुसरं खरं असेल तर तुम्हाला नव्या बेअरिंगचा चुराडा करायची गरज नव्हती. 'वहिनी, गाडी विका' एवढं लिहिलं असतंत तरी चाललं असतं. मी विकली नसती, पण तुमचा राग धरला नसता.

२८ तारखेला दहा दिवस उरले आहेत. आता तुम्हाला काही विचारत नाही.

— वहिनी


२१ फेब्रुवारी

जाऊबाई,

हे पत्र माझं एकटीचं आहे. हे ओसरीवर बसले आहेत. मी भिशीचा हिशेब लिहिते आहे असं सांगितलं आहे.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. शेवटी म्हणाले, "सैल सोडला नाही का त्यांनी?" मी म्हटलं, काय सैल सोडायचं? तर म्हणाले, "अगं, नट! जड होईपर्यंत आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग तोच नट थोडा मागे फिरवायचा. हब हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि हलवला तर खटखट होता कामा नये. तिथे थांबायचं. हे सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं, जाऊबाई. मीच लिहिलं नाही.

काय झालं ते सांगते. हे बोलले, "जड होईपर्यंत आवळा," मी लिहिलं. मग बोलले, "मग सैल सोडा." मला वाटलं, आत्ता तर आवळा म्हणाले! हे असे दिवसातून दहा वेळा करतात. खिडकी लाव म्हणतात, लावली की म्हणतात, उघड. चहा नको म्हणतात, मग म्हणतात, अर्धा दे. तीस वर्षं मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकते आणि दुसरं सोडून देते, त्यानेच आमचा संसार नीट चालला आहे. तुम्हाला पत्र सुटसुटीत जावं म्हणून मी ते गाळलं. तुमचा हात माझ्यामुळे भाजला. मला काय बोलायचं ते बोला.

आता तुम्ही विचाराल, त्यांनी पत्र एकदा वाचून का नाही पाहिलं. तेच सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, आणि ती मी आता मोडते आहे. त्यांना वाचता येत नाही. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डाव्याने नुसता उजेड कळतो, उजव्याने ग्रीस फासलेल्या काचेतून बघावं तसं दिसतं म्हणतात. आठ महिने झाले. ऑपरेशन म्हटलं की उठून अंगणात जातात. चाळीस वर्षं इंजिनाखाली झोपलेला माणूस, पण डोळ्याला सुरी म्हटलं की चपला शोधू लागतो. तुम्हाला कळलं तर तुम्ही कान धरून दवाखान्यात न्याल, म्हणून मनगट, म्हणून फोड, म्हणून रंग.

तुम्ही जे काका-पुतण्याचं लिहिलंत ते ऐकून त्यांनी दुपारी पानावर जेवण तसंच ठेवलं. काय खरं, काय खोटं ते मला ठाऊक नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "तू लिही."

मी सांगितलं असं कळू देऊ नका.

— धाकटी


२६ फेब्रुवारी

भावोजी,

तुमच्यावर मी मागच्या पत्रात आरोप केला. तो कृतीपुरता मागे घेते. ते वाक्य लिहिताना राहिलं होतं असा खुलासा माझ्याकडे आला आहे. कुणाकडून राहिलं त्याची चौकशी मी बंद केली. शाळेतही मी हेच करायची: चूक कबूल केली की छडी कपाटात.

वखारीच्या ट्रकमधून दुकानदाराकडे पुन्हा गेले. मला पाहताच त्याने न बोलता बरोबर नंबरचं बेअरिंग काढून ठेवलं. या वेळी आवळला, सोडला, फिरवला, हलवला. सोडताना किती सोडायचा ते कागदावर कुठेच नाही, हे खरं. चार वेळा केल्यावर हाताला कळलं. मग लगेच उजवं चाकही करून टाकलं. एका दिवसात. तुमच्या त्या पाच दिवसवाल्या फिटरला कळवा.

काल तीस किलोमीटर फिरवला. आवाज नाही. दोन्ही हब तान्ह्या बाळाच्या टाळूइतके कोमट. या वेळी बोटाच्या टोकाने पाहिलं.

चिरंजीव २८ ला येतात. त्यांना फोन करून सांगितलं, ओढ्यापर्यंतची चाचणी मला मान्य नाही, लांबची घ्या. म्हणून शनिवारी, १ तारखेला, मी त्यांना शेजारी बसवून तुमच्याकडे येते आहे. नव्वद किलोमीटर. अकरा वाजता पोचू. हबवर हात ठेवून खरं सांगणारा माणूस मला तिथेच मिळेल. तुम्ही 'बिघडलं आहे' म्हणालात तर मी ऐकीन आणि चाव्या चिरंजीवांना देईन. विचार करून ठेवा.

त्यानंतर जरा फिरून येऊ.

— वहिनी

(धाकटे, पुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस. गाळायची तुला सवय आहेच, ती एकदा सत्कारणी लाव. डोळ्यांची डॉक्टर माझी विद्यार्थिनी आहे. शनिवारी साडेबाराला तपासणी, सोमवारी सकाळी ऑपरेशन. त्यांचे कपडे एका पिशवीत भरून मागच्या दाराशी ठेव. मी कान धरणार नाही, पण गाडीचं डावं दार बाहेरून लागतं आणि आतून उघडत नाही. रेड्यात हा बिघाड पंधरा वर्षं आहे. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.)


९ मार्च

वहिनी,

उजव्या डोळ्याची पट्टी काल निघाली. डॉक्टरीणबाईंनी वाचन-लेखन आणखी दोन आठवडे बंद ठेवलं आहे, म्हणून सांगतो आहे मीच, पण लिहिते ही. मात्र लिहून झालं की शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवायचा असा नवा नियम केला आहे. (मला मान्य आहे.)

पहिली गोष्ट. तुम्ही मला फसवलंत. 'जरा फिरून येऊ' म्हणालात, मी साध्या मनाने चढलो. दवाखान्याच्या औषधाचा वास आला तेव्हा दार चाचपलं, तर उघडेना. तुमचे चिरंजीव मागून म्हणतात, "काका, मलाही आत्ताच कळतंय." तपासताना तुमची विद्यार्थिनी मला म्हणाली, "हलू नका, नाहीतर बाईंना बोलावते." मी श्वाससुद्धा बेताने घेतला.

दुसरी गोष्ट. आमच्या अंगणात मी हबवर हात ठेवला तेव्हा चिरंजीव शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "खरं सांगा काका, कसं आहे?" मी चाक उचलायला लावलं. फिरवलं, कान लावला, वर-खाली धरून हलवलं. मला तेव्हा चाकाचा नुसता काळा गोल दिसत होता, पण या कामात डोळ्यांनी कधीच काही दिसत नाही. मी सांगितलं, "माझ्या वर्कशॉपमध्ये इतका नेमका नट लावणारे दोन होते, त्यातला एक मी." हे तुम्ही ऐकलंत. तुम्ही उगाच आरशातली धूळ पुसायला लागलात.

तिसरी गोष्ट सांगायला मला आठ दिवस लागले.

चिरंजीव खोटं बोलले नव्हते. 'गाडी विक आणि आईला घेऊन जा' असं मीच त्याला सांगितलं होतं, मागच्या वर्षी, डोळा जायला लागला तेव्हा. दादा गेला त्या दिवसापासून मी मनात धरून होतो की रेडा चालता ठेवणं हे माझं काम. दर वर्षी येऊन तेल बघायचो, ब्रेक बघायचो, आणि तुम्हाला वाटायचं मी गप्पा मारायला येतो. मग मला बोल्ट दिसेनासे झाले. वाटलं, आता कधीतरी ही बाई ओढ्यात अडकणार, संध्याकाळ होणार, आणि आपल्याला साधं निघताही येणार नाही. ते तुम्हाला कसं सांगायचं? तुमच्याशी बोलायला धीर लागतो. म्हणून पोराला पुढे केलं. तो बिचारा माझं वाक्य घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला आणि बोलणी त्याने खाल्ली.

परवा तो डोळा पाहायला आला होता. मी त्याला सांगितलं, "गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. मी चुकलो होतो. मला वाटत होतं, त्या गाडीला सांभाळणारं माणूस राहिलेलं नाही. ते माणूस तिथेच राहतं." तो म्हणाला, "तुम्हीच कळवा ना आईला." म्हणून कळवतो आहे.

रागावला असाल तर लिहा. मी वाचून घेईन. हिच्याकडून, पूर्ण.

— भावोजी


१३ मार्च

भावोजी,

पत्र मिळालं. गाडी विकायची कल्पना तुमच्याच डोक्यातली होती हे मला १ तारखेलाच कळलं. तुम्ही अंगणात पुतण्याकडे तोंड करून बोलत नव्हतात. मोतीबिंदू झालेला माणूस कुणाकडेही तोंड करतो. ज्याच्या मनात काही असतं तोच तोंड चुकवतो.

पण कारण कळलं नव्हतं. ते वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण घासलं. ते घासायला झालंही होतं.

मी ओढ्यात अडकले तर काय, याचा विचार मी केलेला आहे. पुढच्या सीटखाली दोर, कंदील, बिस्किटं आणि एक जाडजूड कादंबरी असते. तुम्ही विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही एकट्याने काळजी करत बसलात आणि ती पोराच्या हातून पाठवलीत. पुढच्या वेळी स्वतः आणा.

चिरंजीवांनी काल फोन केला. गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणाले. मग विचारलं, "आई, पुढच्या वेळी आलो की ओढ्यातून मी चालवू का?" मी म्हटलं, आधी बघून शिका.

रागावले आहे. शिक्षा अशी: डाव्या डोळ्याचं ऑपरेशन २४ तारखेला सकाळी दहाला आहे, मी ठरवून टाकलं. मी साडेसात वाजता तुमच्या फाटकाशी असेन. हॉर्न वाजवणार नाही, तो चालत नाही. त्याचंही तुम्हीच बघायचं आहे, दिसायला लागलं की. तयार राहा.

— वहिनी